बायांची डोली

आमची दरी लांबून दिसायचीच नाही. पिशोरच्या बाजाराहून परतणारी वाट माळावरून सरळ चालत यायची आणि एकाएकी पायापुढची जमीन संपायची. मग खाली, एकाच्या पायाशी एक, अशी चार गावं आणि त्यांच्यामधून वळणं घेत जाणारी नदी. सगळ्यात तळाचं गाव आमचं. त्याच्यापुढं नुसता डोंगर. धाब्याची घरं मातीच्याच रंगाची, त्यामुळं चुलींचा धूर निघाला तरच खाली गाव आहे हे कळायचं. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रातून बैलगाडी कशीबशी बाहेर पडायची. पाऊस सुरू झाला की ती वाट पाण्याखाली जायची आणि गाड्या होळीपर्यंत दारात उभ्या. मग वर जायला एक घाट उरायचा. त्याला आम्ही घाट म्हणायचो. खरं म्हणजे ती शेरडांनी पाडलेली पायवाट होती. वरच्या गावांतले लोक आपल्या पोरींना धाक घालायचे, "नीट वाग, नायतर दरीत देईन." मी दरीतच जन्मले, त्यामुळं मला कुणी हा धाक घातला नाही.

घरात आम्ही पाच माणसं. दादा म्हणजे माझे वडील, माय, दादांचे धाकटे भाऊ तात्या, तात्यांची बायको काकी, आणि मी. दादा कमी बोलायचे. त्यांचं निम्मं बोलणं बैलांशी व्हायचं आणि उरलेलं मायशी, तेही मीठ कमी आहे एवढंच. माय मात्र हसरी. तिच्या हातची येसराची आमटी चुलीवर उकळायला लागली की वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि मी नदीवर असले तरी मला भूक लागायची. आमच्या परसाच्या भिंतीला लागून हमीदचाचाचं घर होतं. ते पिंजारी. सकाळी त्यांची धनुकली सुरू व्हायची, कापसावर तिची तार तुंई तुंई करत नाचायची, आणि त्या आवाजावर माय दळण, सडा, ताक सगळं उरकायची. हमीदचाचाची नूरी माझ्याच वयाची. भिंतीतला एक दगड निखळला होता. त्यातून आमची देवाणघेवाण चालायची. इकडून शेंगदाण्याची चटणी, तिकडून ईदेचा शीरखुर्मा, आणि बारा महिने गप्पा.

पोलीस ॲक्शनच्या आधी तात्या गाव सोडून सरहद्दीपलीकडं, खानदेशातल्या कॅम्पात गेले होते. ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि तात्या दाढी वाढवून परत आले. लढाई संपली होती, पण तात्यांच्या हातांना ते अजून कळलं नव्हतं. ते स्वस्थ बसेनात. त्यांनी गावातली दहावीस पोरं गोळा केली. आधी गाळानं भरलेली विहीर उपसली. मग शाळेसाठी मातीची खोली उठवली; शाळा उर्दूची मराठी झाली होती, पण भरायची अजून पिंपळाखालीच. मग ओढ्यावर दगडाचा बांध घातला. कुणालाही कसली मजुरी नव्हती. दुपारी गूळ आणि फुटाणे मिळायचे, तेही ज्याच्या घरात असतील त्याच्या घरचे. सरकारी माणूस दरीत क्वचितच उतरायचा आणि उतरला तर परत चढायच्या काळजीत असायचा, म्हणून जे करायचं ते आपणच, असं सगळ्यांच्या मनानं घेतलं होतं. आज मागं वळून बघताना वाटतं, तो काळ गरिबीचा होता, पण रिकामा नव्हता. कुणाचा ना कुणाचा हात सतत कशाला ना कशाला लागलेला असायचा.

डोली हीही तात्यांचीच कल्पना. एक हलकी बाज, तिला दोन्ही बाजूंनी लांब बांबू बांधलेले, वर उन्हापावसासाठी घोंगडीचं छत. कुणी आजारी पडलं, साप चावला, झाडावरून पडलं, की चौघांनी खांद्यावर घ्यायचं आणि घाट चढून पिशोरच्या दवाखान्यात न्यायचं. पुढच्या गावची पोरं वाटेत खांदा बदलायला यायची. तात्यांचा या डोलीवर फार जीव. रविवारी ते तिच्या दोऱ्या ताणून बघायचे, बांबूला तेल लावायचे.

हमीदचाचाच्या घरातून मात्र या कामांना कुणी येत नसे. ॲक्शनच्या दिवसांत वरच्या गावात राहणारा त्यांचा धाकटा भाऊ बायकापोरांना घेऊन निघून गेला तो परतला नाही. धनुकली कित्येक महिने बंद होती. दादा रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. पान खायचे आणि उठायचे. नंतर धनुकली पुन्हा सुरू झाली, पण दार पहिल्यासारखं उघडं राहिलं नाही. तात्यांनी एकदा मदतीचं विचारलं तर हमीदचाचा म्हणाले, "रामभाऊ, काम सांगा, करतो. पर हमना किसी का एहसान नक्को." द्यायला त्यांना काही वाटत नसे, घ्यायला वाटे.

एका पावसाळ्यात शेवंता अडली. शेवंता म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची नवी सून. तात्या डोली घेऊन दारात गेले तर डोली उचलणाऱ्यांत तिचा सासरा, दोन दीर आणि चुलतदीर. तिनं आतून दार लावून घेतलं. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्या खांद्यावर तशा अवस्थेत कसं निजायचं? आतून तिचं ओरडणं ऐकू यायचं आणि बाहेर चार जवान माणसं बांबू धरून उभी. संध्याकाळी ओरडणं थांबलं. तात्या घरी आले आणि हातपाय न धुता अंगणात बसून राहिले. काकीनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या डोलीत बाई निजायची नाय. पुढची बाई आम्ही उचलू."

तात्यांनी मान वर केली. "तुम्ही म्हंजे?"

"आम्ही म्हंजे बाया. दोन दोन हंडे घेऊन नदीचा चढ कोन चढतं? तुम्ही?"

काकी बुटकी, काळीसावळी, कमरेनं भक्कम. तिला मूलबाळ नव्हतं. ती बोलायची तेव्हा समोरच्याला वाटायचं, भांडण सुरू आहे. प्रत्यक्षात ती साधं बोलत असायची. तिनं घरोघर फिरून आपल्यासकट सातजणी जमवल्या. उंच, हाडापेरानं मजबूत चंद्रभागा, मी, आणखी काहीजणी. राधामावशीला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. राधामावशी गावची सुईण, महारवाड्यात राहायची. दरीतली निम्मी माणसं तिनं या जगात ओढून आणली होती, पण आमच्या कुणाच्याच उंबऱ्याच्या आत तिला घेत नसत. डोलीला तिचा हात लागणार म्हणून दोघीतिघींनी नाकं मुरडली. काकी म्हणाली, "तू जन्मलीस तवा तुला पहिला कुनाचा हात लागला, इचार तुझ्या मायला."

खरा विरोध झाला तो म्हाताऱ्यांचा. खांदा मढ्याला देतात, आणि बाईनं तर तोही देऊ नये, असं पारावर ठरलं. एक आजोबा मुद्दाम आमच्या अंगणात येऊन हे सांगून गेले. काकीनं डोक्यावर पदर घेऊन सगळं ऐकलं आणि मग म्हणाली, "मढं होऊ नये म्हनून तर देतो, मामा."

आमचा सराव परसात चालायचा. आधी बाजेवर ज्वारीचं पोतं ठेवलं, मग काकी स्वतः निजली, मग माय. मायला हसूच आवरेना. ती हसायला लागली की डोली हलायची, डोली हलली की आम्हीही हसायला लागायचो आणि सगळं खाली ठेवावं लागायचं. चढावर बुटक्यांनी पुढं राहायचं आणि उंचांनी मागं, म्हणजे बाज सपाट राहते, हे आम्हाला दोनदा मायला घसरवल्यावर कळलं. पुढच्या उजव्या टोकाला मी होते. डाव्या टोकाला माझ्या उंचीची कुणी सापडेना. एक दिवस भिंतीवरून धप्पकन उडी पडली. नूरी होती. ओढणी कमरेला खोचून तिनं बांबू खांद्यावर घेतला आणि मला म्हणाली, "चल की, बघती काय?"

घरी तिनं पापड वाळवायला जाते म्हणून सांगितलं होतं. चारआठ दिवसांनी हमीदचाचा भिंतीपलीकडं उभे राहून बघत असलेले आम्हाला दिसले. नूरीचा चेहरा उतरला. ते आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी नूरी आली ती हातात कापसाच्या गाद्या घेऊन. तळहाताएवढ्या, घट्ट भरलेल्या, खारव्याच्या कापडात शिवलेल्या; आमच्या खांद्यांसाठी. तोवर आम्ही फाटक्या लुगड्याच्या घड्या ठेवायचो आणि रोज खांदे सोलून निघायचे.

पोळ्याच्या दिवशी आमची परीक्षा झाली. पोळा म्हणजे दरीतला सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. दादा आणि तात्या सकाळपासून बैलांची शिंगं रंगवत होते. दादांचे हात कोपरापर्यंत हिंगुळानं लाल झाले होते. घरात पुरण शिजलं होतं, वेलदोड्याचा वास भरला होता, काकी पोळ्या लाटत होती आणि माय भाजत होती. मी वाटणाला बसले होते. तेवढ्यात नूरी परसातून आत आली. आमच्या चुलीपर्यंत ती कधी आली नव्हती. ती दारातच थबकली आणि तिथूनच म्हणाली, "काकी, भाभीचं काय खरं नाय. राधामावशी म्हनती, आडवं हाय."

तिची भाभी म्हणजे जैनब, हमीदचाचाची सून. नूरीचा भाऊ शहरात गाद्या भरायच्या कामाला गेला होता. घरात पुरुष म्हणून एकटे हमीदचाचा.

काकीनं हातातली पोळी पोळपाटावर तशीच ठेवली. माय म्हणाली, "नैवेद्य व्हायचा हाय अजून."

"बैल थांबतील, बाई. वरीसभर थांबतातच की ते."

तात्या बाहेरून धावत आले. "मी पोरं गोळा करतो."

"जैनब परद्यातली. तुमच्या पोरांच्या डोलीत ती निजंल का? शेवंताला इसरलात?" काकीनं हात धुतले. "तुम्ही पोळ्या बघा."

दादा लाल हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. उभ्या जन्मात ते चुलीपाशी आले नव्हते. त्यांनी एकदा काकीकडं पाहिलं, एकदा मायकडं, आणि गंभीरपणे विचारलं, "पुरण गार झालंय का, तेवढं सांग."

आम्ही डोली घेऊन हमीदचाचाच्या दारात गेलो. दार लोटलेलं होतं. ते बाहेर आले. काकीला ते वहिनी म्हणायचे. "वहिनी, आज तुमचा सण. मी कोनत्या तोंडानं बोलावू?"

"तोंड राहू द्या चाचा, दार उघडा."

त्यांनी दोन्ही फळ्या सताड उघडल्या. जैनबला आम्ही बाजेवर घेतलं. तिचे डोळे मिटलेले, ओठ निळसर. राधामावशी तिच्या पोटावर हात ठेवून बाजूनं चालायला लागली. हमीदचाचा गल्लीच्या तोंडापर्यंत आले. त्यांच्या हातात सुनेच्या चपला होत्या. त्या कुठं ठेवाव्यात हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी मायनं त्या त्यांच्या हातून घेतल्या आणि डोलीत पायाशी ठेवल्या. "चालत येताना लागतील," ती म्हणाली.

नदीला मांडीइतकं पाणी होतं. आम्ही बांबू खांद्यावरून डोक्यावर घेतले आणि आठहीजणी पाण्यात उतरलो. चौघींच्या डोक्यावर डोली, चौघी त्यांना कमरेला धरून. मध्यावर माझा पाय गोट्यावरून सरकला. नूरीनं डोक्यावरचा बांबू एका हातानं सावरला आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरला. ती पकड आठवली की अजून वाटतं, त्यानंतर मला तसं कुणी धरलंच नाही.

मधली दोन गावं वाटेच्या कडेला राहतात. वरच्या गावात मात्र वाट वेशीतूनच जाते आणि वेशीतून गेल्याशिवाय घाट लागत नाही. आम्ही पोचलो तेव्हा वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं आणि तोरणाच्या अलीकडं गावातले सगळे बैल रांगेत उभे होते. झुली, बाशिंगं, घुंगरं. हलगी वाजत होती. रीत अशी की पाटलाचा मानाचा बैल तोरणाखालून जात नाही तोवर तिथून कुणी जायचं नाही. माणूसही नाही. मागच्या लोकांनी आम्हाला बघून वाट दिली, पण तोरणापाशी येऊन आम्ही अडलो. हलगी थांबली. एवढी माणसं आणि एवढी जनावरं, पण घुंगरांशिवाय आवाज नव्हता.

"कोन हाय आत?" कुणीतरी विचारलं.

"बाळंतीण," काकी म्हणाली.

"कोनाची?"

"दरीतली."

म्हातारे पाटील पुढं आले. मोठा फेटा, हातात बैलाचा कासरा. त्यांनी काकीकडं पाहिलं, मग पुढच्या दांड्यांकडं. नूरीच्या ओढणीवर त्यांची नजर थांबली. मला नूरीची बोटं दिसत होती. तिनं बांबू इतका आवळून धरला होता की नखं पांढरी पडली होती. तिच्या काकाचं घर याच गावात होतं. तेच, जे रिकामं पडलं.

"हमीदची का रं ही?" पाटील कुणाला तरी म्हणाले.

काकी बोलायला गेली, पण नूरीच आधी बोलली. मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "व्हय. मी हमीद पिंजाऱ्याची. आत माझी भाभी हाय. जाऊ द्या आमाला."

पाटलांनी क्षणभर डोळे मिटले. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. आजही मी नक्की सांगू शकणार नाही. ते घर रिकामं करावं लागलं तेव्हा पाटील गावातच होते, पण वाचवायला पुढं आले नव्हते, एवढं मी मोठ्या माणसांकडून ऐकलं होतं. त्यांनी कासरा ओढून आपला बैल बाजूला घेतला. काठीनं तोरण वर उचलून धरलं आणि म्हणाले, "आधी डोली."

कुणीतरी मागून कुरकुरलं, "पाटील, मान तुमच्या बैलाचा..."

"बैल हितंच हाय. चल, पोरी."

आम्ही तोरणाखालून गेलो. पलीकडं निघालो तर धाब्यांवरून बघणाऱ्या बायका भराभर शिड्या उतरून येत होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्या गावात बायांची डोली नव्हती, सराव नव्हता. हाताला पुरण आणि कणीक तशीच होती. एकीनं चंद्रभागाच्या खांद्याखाली आपला खांदा घातला, दुसरीनं माझ्या. "सोड गं, लई दमलीस," ती म्हणाली. मी त्या बाईचं नाव कधी विचारलं नाही. घाट चढताना तिच्या केसांना येणारा वेलदोड्याचा वास मला पुढं चालता चालता येत होता, एवढंच ध्यानात आहे.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसून राहिलो. वरच्या गावच्या बायकांनी फडक्यात बांधून आणलेल्या पोळ्या सोडल्या. नूरीनं आणि मी एकीत निम्मी निम्मी खाल्ली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दिवेलागणीला आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, थांबता थांबेना. राधामावशी बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "दोघी बी हाइत," ती म्हणाली. मुलगी झाली होती. घरच्यांनी नाव रुखसाना ठेवलं, पण सगळी दरी तिला पोळीच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. दादा-तात्यांनी लाटलेल्या पोळ्या मायनं दाखवायला मुद्दाम ठेवल्या होत्या; एकही गोल नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात, त्याला खांदमळण म्हणतात. त्यातलं उरलेलं लोणी मायनं वाटीत घेतलं, मला आणि काकीला पाटावर बसवलं आणि आमचे खांदे चोळायला लागली. "परवा बैलांची झाली, आज तुमची," ती म्हणाली. काकी हसली नाही. ती खाली मान घालून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती उठून गेल्यावर माय मला हळूच म्हणाली, "तिचं एक गेलं व्हतं. असंच आडवं. तवा नदीला पूर व्हता, कुनी उचलाया नव्हतं." मी त्या घरात जन्मले, वाढले, आणि मला हे तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात चारही गावांत बायांच्या डोल्या झाल्या. गावाच्या शिवेवर खांदा बदलायचा, पुढच्या गावानं पुढं न्यायचं. निरोप द्यायला ताट वाजवायचं. खालून ताटाचा आवाज आला की वरच्या गावच्या बाया हातातलं काम टाकून निघायच्या. हमीदचाचाचं दार दिवसभर उघडं राहायला लागलं. पुढं तात्यांनी घाटाचा रस्ता हातात घेतला तेव्हा सगळ्यांत आधी सब्बल घेऊन तेच आले.

मी आता शहरात, उस्मानपुऱ्यात राहते. खाली रस्त्यावर दिवसातून चारदा तरी भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स जाते. रस्त्यातली माणसं वैतागून बाजूला होतात. चांगलीच सोय आहे. तिला नावं ठेवण्याइतकी मी वेडी नाही. शेवंताच्या वेळी ती असती तर शेवंता जगली असती. तरी भोंगा ऐकला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते आणि मला वाटत राहतं, आतल्या माणसाला ओळखणारं या रस्त्यावर कुणी आहे का. दरीत आता डांबरी रस्ता आहे. आमच्या घरात नात्यातला एक भाचा राहतो, तो शेंद्र्याच्या कारखान्यात जातो येतो. काकी गेली, तात्या गेले, राधामावशी गेली. चंद्रभागा आहे म्हणतात, पण ओळखत नाही कुणाला. आणि नूरी.

नूरीचं लग्न मालेगावला ठरलं. मुलगा मागावर काम करणारा, शांत. हिवाळ्याचे दिवस होते, शेतात हुरडा आला होता. वऱ्हाड ट्रकनं माळावर आलं. पुरुषमंडळी घाट उतरून खाली आली, पण नूरीची सासू जड अंगाची. ती बायकांना घेऊन वरच ट्रकपाशी बसून राहिली. निकाह झाला, आमच्या परसात पंगती बसल्या, हमीदचाचानं सगळ्या गल्लीला जेवण दिलं. मग पाठवणीची वेळ आली आणि प्रश्न निघाला, नवरी घाट कसा चढणार? नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, आमच्यात सून डोलीतून येते. हमीदचाचा गोंधळले. गावात डोली एकच होती.

"दुखण्याची डोली नवरीला?" गल्लीतल्या बायका कुजबुजल्या. काकीही मागं सरली. हा अपशकुन आपण अंगावर कसा घ्यायचा?

नूरी आतून म्हणाली, "मी त्याच डोलीतून जाईन."

मायनं घोंगडीचं छत काढून आपलं हिरवं लुगडं बांधलं. जैनबनं बांबूंना झेंडू गुंडाळला. वऱ्हाडातले पुरुष पुढं गेले आणि आम्ही मागून डोली उचलली. पुढं मी आणि काकी, मागं चंद्रभागा आणि माय. जैनब पोळीला कडेवर घेऊन बाजूनं चालत होती. लुगड्याआड नूरी रडत होती. नदी ओलांडली, गावं मागं पडली. वरच्या गावच्या वेशीत पाटलांनी डोली थांबवून आत एक नारळ ठेवला.

घाटाच्या मध्यावर वऱ्हाड वळणाआड गेलं आणि आतून आवाज आला, "थांबा. खाली ठेवा."

आम्हाला वाटलं तिला बरं वाटत नाही. डोली टेकवली. नूरी बाहेर आली. लाल जोडा, नाकात नथ, डोळे सुजलेले. तिनं पैंजण वर सारले, ओढणी कमरेला खोचली आणि काकीला म्हणाली, "तुम्ही सरका. मला बसवत नाय आत. तुमच्या खांद्यावर बसून मी जायची कशी?"

"अगं नवरी तू! कुनी बघंल!"

"कोन बघतंय हितं? तुम्हीच हायसा."

तिनं डावं टोक उचललं. मी उजवं घेतलं. रिकामी डोली घेऊन आम्ही उरलेला घाट चढलो, ती एका बाजूला आणि मी दुसऱ्या, पहिल्यासारख्या. तिच्या मेंदीच्या हातानं बांबूला लाल डाग पडत होते. आम्ही काही बोललो नाही. मला खूप बोलायचं होतं. मालेगावला तुझ्या घराला भिंत कुठल्या बाजूला असेल, कुणाशी बोलशील, पत्र कुणाकडून लिहून घेशील, असलं. पण चढावर श्वास पुरवायचा तर बोलायचं नसतं, हे आम्हाला सवयीनं माहीत होतं.

माथा जवळ आल्यावर तिनं बांबू खाली ठेवला, घाम पुसला, पैंजण सारखे केले आणि डोलीत जाऊन बसली. काकीनं लुगडं ओढून घेतलं. आम्ही वर पोचलो तेव्हा सासू उठून पुढं आली, लुगड्याआड डोकावून सुनेचा चेहरा बघून खूश झाली आणि म्हणाली, "देखो तो, नाजूक है बिच्चारी, बैठे बैठेच थक गई." चंद्रभागा तोंडावर पदर धरून मागं वळली. लुगड्याच्या आतही काहीतरी हललं. नूरी हसत होती. ते तिचं मी ऐकलेलं शेवटचं हसू. ट्रक माळावरून निघाला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभ्या होतो. दोनतीन वर्षं तिच्या खबरा येत राहिल्या, मग हमीदचाचाही मुलाकडं शहरात गेले, माझं लग्न झालं, आणि खबरा थांबल्या. मालेगावचं कुणी भेटलं की मी अजून विचारते.

परत उतरताना रिकामी डोली दोघींनाही नेता आली असती. पण काकीनं मागचं एक टोक धरलं, चंद्रभागानं दुसरं, मी पुढचं उजवं. डाव्या टोकाला कुणी नव्हतं. जैनबनं पोळीला मायच्या कडेवर दिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि मला विचारलं, "कसं धरायचं असतं, सुमन?"

मी तिला दाखवलं.